चुन्याच्या फुलीची बखर

श्री. ज्या देवाने मुक्या जिवांस शिंगे दिली परंतु वाचा दिली नाही, आणि माणसांस वाचा दिली परंतु ती वेळेवर वापरावयाचे धैर्य सर्वांस सारखे दिले नाही, त्या देवास आधी नमस्कार करून सेवक लिहितो ऐसे जे. शके सोळाशे पन्नास, कीलकनाम संवत्सर, या साली श्रावणाचे अखेरीस राज्यात जो क्षोभ जाहला त्याची हकीकत खरी कैसी ते जाणणारे आता थोडे उरले, आणि भलती सांगणारे फार जाहले. कोणी म्हणतो रयत माजली होती. कोणी म्हणतो एका बाईच्या बैलापायी गादी हलली. महाराज स्वामींनी आज्ञा केली की घडले तैसे लिहावे, कोणाची अब्रू सांभाळीत बसू नये, आमचीही नाही. म्हणून लेखणी धरिली. या दरबाराचे अन्न सेवकाने खाल्ले आहे हे खरे, परंतु ते अन्न शेतात पिकते, दरबारात पिकत नाही, एवढे ध्यानी ठेवून लिहितो.

पूर्वी ऐसे जाहले होते की राज्यात गुरांस बुळकांडी लागली. जनावरांचे डोळे गळू लागले, तोंडे चिघळली, आणि हगवण लागून उभे जनावर पाहता पाहता आडवे होऊ लागले. गोठेच्या गोठे ओस पडले आणि पेरणीचे दिवसांत माणसांनी जू आपले खांद्यावर घेतले. मग स्वामींनी वैद्य बोलाविले आणि उपाय पुसिला, आणि वैद्य बोलिले की उपाय एकच, रोगी जनावर कळपातून काढून मारावे आणि चुन्यात पुरावे, म्हणजे उरलेली वाचतील. हे ऐकून सभेत सारे माना खाली घालून बसले, कारण बैल मारावयाचे पाप कोण घेणार. कारभारी एकमेकांकडे पाहू लागले, शास्त्री पोथी चाळू लागले. तेव्हा स्वामी उठोन उभे राहिले आणि भर सभेत, रयत अंगणात उभी असता, बोलिले, “रोगी जनावर मारिल्याचे पाप आम्ही आमचे माथी घेतो. परंतु निरोगी जनावर मारिले गेले तर ते पाप कोणाचे, हे विचारावयास रयतेने आमचे दारी यावे. दार उघडे राहील.” हे शब्द लोकांनी मनात धरून ठेविले. दरबारात मात्र ते बोलले गेले तितकेच राहिले.

त्याउपरि ढोरपरीक्षेचा कारखाना उभा केला. परीक्षक नेमिले, प्रत्येकास एक चुन्याचे मडके आणि एक कुंचला दिला, आणि ठराव ऐसा केला की परीक्षकाने ज्या जनावराचे कपाळी चुन्याची फुली ओढिली ते मारिलेच पाहिजे, त्यावर दाद-फिर्याद नाही. आणि हे खरे लिहिले पाहिजे की आरंभी त्या माणसांनी जिवाचे रान केले. उन्हातान्हात हिंडले, ओकाऱ्या येईतो मेलेली ढोरे उचलिली, आणि रोग हटविला. गावोगाव त्यांस ओवाळिले. कोणी त्यांस वाईट म्हटले ऐसे सेवकाने त्या काळी ऐकिले नाही.

मग रोग गेला आणि कारखाना राहिला. रोग नाही म्हणोन काम नाही, आणि काम नाही म्हणोन मान नाही, ऐसे होऊ लागले, आणि ज्यास एकदा मानाची गोडी लागली त्यास ती सुटत नाही. पुढे पुढे ऐसे जाहले की परीक्षक गावात येता ज्याने उठोन मुजरा केला नाही त्याचे बैलाचे डोळ्यात पाणी दिसू लागले, आणि ज्याने पाट मांडोन जेऊ घातले त्याची खोकणारी म्हैसही धडधाकट ठरली. एका तेल्याचा बैल घाण्यास फिरता फिरता धुळीने शिंकला, तेवढ्यावर फुली ओढिली, कारण तेली आदले दिवशी बाजारात तोंड वर करून बोलिला होता. एक देशमुख होता, त्याची गाय खरीच रोगी होती, तिचे कपाळी काही लागले नाही. लोक चुन्याचे मडके दुरून दिसता बैल घेऊन ओढ्यात उतरू लागले. अर्ज जाहले, तर अर्ज तपासावयास कारखान्याकडेच जात. तेथे त्यांचे पुढे काय होत असेल ते वाचणारास सांगावयास नको.

या कारखान्याचे वर मुख्य परीक्षाधिकारी केसो त्रिमळ म्हणोन होता. त्याची चाल पाहावी तर कोणास दोष दिसू नये. पांढरे स्वच्छ धोतर नेसावे, हळू बोलावे, कोणास शिवी देऊ नये, सदा हसतमुख असावे. कारखान्याची सारी कलमे त्यास मुखोद्गत होती. त्यात एक कलम ऐसे होते की जनावराचे खांद्यास पिवळेपण आणि हात लावता उष्मा आढळेल ते जनावर रोगी जाणावे. हे कलम माघ महिन्यात, राजधानीत, ज्या वैद्याने लिहिले त्याचे घरी तीन पिढ्यांत बैल नव्हता. त्याची नियत वाईट होती ऐसे नाही. माघात कोणी बैलाचे खांद्यास काही लावीत नाही, म्हणोन त्या कलमाकडे कोणी पाहिलेही नाही, आणि ते तैसेच पडोन राहिले.

आता ज्या गावी हे घडले ते गाव राजधानीपासून एका मजलेवर, नदीचे काठी. त्या गावी कोंडाई म्हणोन एक रांडमुंड बाई होती. तिचे घरी एकच बैल, नाव चांद्या, कपाळी पांढरा टिळा. तिचे शेजारी शिदोजी म्हणोन म्हातारा कुणबी, त्याचेही घरी एकच बैल, रोग गेल्यावर घेतलेला, नाव तांब्या. दोघांची सावड होती, म्हणजे दोघांनी आपला एकेक बैल एका जुवास जोडावा आणि दोहोंची शेते करावी. बुळकांडीचे साली त्या गावात सारी ढोरे मेली आणि एकटा चांद्या उरला. तेव्हा जुवाचे एका अंगास चांद्या आणि दुसरे अंगास पाळीपाळीने गावची माणसे, ऐसे करून साऱ्या गावाची पेरणी जाहली, आणि त्या पिकावर गाव वाचला. तेव्हापासून पोळ्याचे दिवशी वेशीचे तोरणाखालून पहिला जावयाचा मान चांद्याचा. आता चांद्याचे वय जाहले होते, दातही झिजले होते, परंतु त्या दिवशी त्याची मान आपोआप ताठ होई ऐसे शिदोजी सांगत असे.

आषाढात केसो त्रिमळ त्या गावी आला. त्याने चांद्याची कीर्ती ऐकिली होती. तो कोंडाईस बोलिला की यंदा राजधानीचे पोळ्यास हा बैल आमचे दावणीस असावा, आमचे नावाने मिरवावा, मग परत नेणे. कोंडाई बोलिली की मान गावाचा आहे, माझा नव्हे, जे माझे नाही ते मी कैसे देऊ. केसो हसला, बरे म्हणाला, आणि तिने दिलेले ताक पिऊन गेला. त्या हसण्यास गाव फसला. शिदोजीने तर माणूस भला आहे ऐसे चार ठिकाणी सांगितले.

मग श्रावण वद्य चतुर्दशी आली. त्या दिवशी आपल्या मुलखात काय करितात ते लिहावयास नको, तथापि पुढे कोणी परदेशी वाचील म्हणोन लिहितो. वर्षभर जू वाहून बैलाचा खांदा निबर जाहलेला असतो. पोळ्याचे आदले दिवशी त्यास ओढ्यावर धुवावे, ऊन पाण्याने खांदा शेकावा, मग तूप आणि हळद घेऊन हातांनी मळावा, आणि कानाशी तोंड नेऊन म्हणावे, आज आवतण घ्या, उद्या जेवाया या. आवतण एकदा दिले की तो बैल राहत नाही, पाहुणा होतो. त्यास कोणी जुंपीत नाही, हात उगारीत नाही, आणि दुसरे दिवशी त्याने पुरणपोळी खाल्ल्याविना घरात कोणी जेवीत नाही. कोंडाईने तैसेच केले. शिदोजीने तैसेच केले. साऱ्या गावाने केले. संध्याकाळी गावातील एकूणएक बैलाचा खांदा पिवळा होता आणि एकूणएक खांदा ऊन होता.

त्याच संध्याकाळी केसो त्रिमळ शिपाई घेऊन गावात आला. तो एकेक गोठ्यात गेला, एकेक खांद्यास हात लाविला, पिवळेपण आहे म्हणाला, उष्मा आहे म्हणाला, आणि आपले हाताने फुली ओढीत गेला. लोकांस आधी थट्टा वाटली. मग शिदोजी पुढे जाऊन हात जोडोन बोलिला की साहेब, ही हळद आहे. केसो बोलिला की कलमात पिवळेपण लिहिले आहे, ते कशाचे हे लिहिलेले नाही. कोणी एक गडी घाबरा होऊन पाणी घेऊन आपले बैलाचा खांदा धुवू लागला, तर तूप-हळद ती, पाण्याने काय जाते. केसोने त्यास रोगाचा पुरावा बुडविल्याचे आरोपावरून बांधिले. कोंडाईचे दारी आला तेव्हा ती चांद्याचे पुढे उभी राहिली आणि एवढेच बोलिली, “सायेब, तुमच्या घरी पोळा न्हाई का?” केसोने कुंचला मडक्यात बुडविला. फुली ओढिली. टिळ्यावर टिळा बसला म्हणोन ती नीट दिसेना, तर पुन्हा ओढिली.

अमावास्येचे सकाळी, पोळ्याचे दिवशी, गावात चुलीवर पुरण शिजत असता, शिपाई आले आणि सारे बैल दाव्यांवरून सोडोन नदीपलीकडचे माळावर नेले. बैल आनंदाने गेले. त्यांस वाटले मिरवणुकीस नेतात. चांद्या तर सवयीने सर्वांचे पुढे चालिला, वेशीचे तोरणाखालून पहिला तोच गेला, आणि तो मान त्यास त्या दिवशी तैसा मिळाला. माळावर बरचीने मारिले आणि चुन्यात पुरिले. गाव काठावर उभा होता. नदीस पाणी होते, आणि अलीकडे शिपाई भाले आडवे धरून होते.

दुपारी घरोघर ताटे वाढलेली होती आणि कोणी जेवीना, कारण पाहुणा जेवला नव्हता. लहान लेकरे भुकेली होऊन रडू लागली तरी आयांनी त्यांस घास दिला नाही, कारण तैसी रीत नाही. बैल गेला याचे दुःख होतेच, परंतु गावास जे सोसवेना ते हे की आवतण देऊन बोलाविलेला पाहुणा आपले दारातून नेऊन मारिला, आणि आपण त्यास बोलाविले म्हणोनच मारिला. हळद आपणच लाविली. कोंडाई आपले दोन्ही पिवळे तळवे पुढे धरून ओसरीवर बसली होती आणि ते धूत नव्हती. मग शिदोजी उठला आणि बोलिला की महाराज बोलले होते, निरोगी जनावर मेले तर पाप कोणाचे ते विचारावयास यावे. आपण जाऊ आणि विचारू. कोणी म्हणाले कोयते घ्यावे. शिदोजी म्हणाला विचारावयास कोयता कशाला लागतो.

मग त्यांनी घरोघरची रिकामी दावी घेतली, वेसणी घेतल्या, तोंडास बांधावयाच्या म्होरक्या घेतल्या, पोळ्यासाठी काढिलेल्या झुली आणि घुंगुरमाळा हाती घेतल्या, आणि वाढलेली ताटे फडक्यात बांधोन डोक्यावर घेतली, आणि निघाले. वाटेवर जी जी गावे लागली तेथील लोक पुसत, आणि पुसून आत जात, आणि आपापले रिकामे दावे घेऊन बाहेर येत, कारण कोणत्या गावी चुन्याची फुली पडली नव्हती. तो तेलीही आला. त्याने घाण्याचे जूच खांद्यावर घेतले होते. घोषणा नाही, आरोळी नाही, दगड नाही. सेवकाने पुष्कळ दंगे पाहिले आहेत. दंग्याची भीती वाटते, परंतु ही जी शांत माणसे चालत होती त्यांची भीती निराळी होती.

प्रतिपदेचे सकाळी राजधानीतील लोकांस वेशीकडून घुंगुरमाळांचा आवाज ऐकू आला. पोळा तर काल जाहला, आज कोणाचे बैल, ऐसे म्हणत बायका पूजेची ताटे घेऊन दारात आल्या. आणि पाहतात तो बैल एकही नाही, माणसेच माणसे, हातात माळा वाजताहेत आणि दावी लोंबताहेत. ताटे घेऊन आलेल्या बायका तैशाच उभ्या राहिल्या. एकीने हातातील कुंकू त्या रिकाम्या म्होरकीस लाविले, मग दुसरीने लाविले, आणि मग साऱ्या रस्त्याने हेच जाहले. त्या दिवशी राजधानी रयतेचे बाजूची जाहली ती त्या कुंकवाने.

वाड्याचे दारी कारभाऱ्यांनी अडविले. आत जाऊन सांगितले की जमाव आला आहे, हेतू वाईट दिसतो, दार लावावे, केसो त्रिमळासही बोलाविले आहे, तो समजूत घालील. स्वामी पुसते जाहले की हाती काय आहे. कारभारी बोलिले की दोरखंडे आहेत. आणखी काय. तर घुंगुरमाळा आहेत. स्वामी आसनावरून उठले. मग म्हणाले की दार लावू नये, ते दार उघडे ठेवण्याचा शब्द आम्ही दिला होता, आणि स्वतः अंगणात आले. कारभाऱ्यांस तो शब्द आठवत नव्हता. अंगणात एकूणएकास आठवत होता.

कोंडाई पुढे आली. तिने फडके सोडिले आणि ताट स्वामींचे पायाशी ठेविले. पुरणपोळी होती, वाळली होती. शिदोजीने बोलावे ऐसे ठरले होते, परंतु त्याने तिलाच खूण केली, तेव्हा तीच बोलिली.

“म्हाराज, परवा आमी आवतण दिलं. काल ताट वाढलं. पाव्हणा आला न्हाई, तुमच्या मानसांनी वाटंत मारला. तुमी म्हनला व्हता, चांगलं जनावर मेलं तर पाप कुनाचं ते ईचारायला या. तेवढंच ईचारायला आलोय.”

स्वामींनी केसोकडे पाहिले. केसो पांढरे धोतर नेसून, हात जोडून उभा होता. त्याने हळू आवाजात कलम म्हणून दाखविले, एक अक्षर चुकला नाही. पिवळेपण होते, उष्मा होता, स्वामींचीच मोहर त्या कलमावर आहे, आपण सेवक, कलमाबाहेर पाऊल टाकिले असेल तर दोष द्यावा, ऐसे बोलिला. हळदीची रीत आहे हे त्यास ठाऊक होते काय ऐसे पुसता म्हणाला की आपण शहरवासी, गावंढळ रीतीभाती आपणास कोठून ठाऊक. हे ऐकोन जमावात ऐसा हुंकार उठला की अंगणातील पारवे उडाले.

स्वामी वळले. पायांत जोडा न घालिता चालू लागले आणि वाड्यामागील गल्लीत केसो त्रिमळाचे घर होते तेथे गेले. मागे कारभारी, मागे केसो, मागे सारा जमाव, आणि घुंगुरमाळा वाजत होत्या. केसोची वृद्ध आई दारात आली. तिला वाटले स्वामी पोळ्याचा मान द्यावयास घरी आले. ती धन्य जाहली, पदर सावरून त्यांस गोठ्यात घेऊन गेली. तेथे खिलारी बैलांची जोडी उभी होती, शिंगांस बेगड, अंगावर झूल. स्वामींनी झूल बाजूस करून एका बैलाचे खांद्यावर हात ठेविला आणि काढिला. तळवा पिवळा जाहला. कपाळी पाहिले तर कुंकू होते, चुना नव्हता. म्हातारी हसून बोलिली, “परवा सकाळी मीच मळले हो खांदे, काल केसो घरी नव्हता म्हणून ताट आज वाढायचे. हळद केसोने उगाळून दिली. त्याच्या हातची हळद बारीक होते, लहानपणापासून तोच देतो.”

केसोने आईकडे पाहिले आणि मान खाली घातली, आणि त्याचे तोंडावरचे ते हसू जे गेले ते पुन्हा कोणी पाहिले नाही. म्हातारीस काही कळले नाही, ती पाट मांडू लागली. सेवक तेथे होता. केसोची दया आली नाही, परंतु त्या पाट मांडणाऱ्या हातांकडे पाहवेना.

बाहेर येऊन स्वामींनी तळवा उंच धरिला आणि साऱ्यांनी पाहिला. मग जो क्षोभ वाटेभर दाबून धरिला होता तो फुटला. जमाव ओरडू लागला की कलम खरे आहे ना, मग याच्या बैलांस फुली लावा, माळावर न्या, याच्याही घरी ताट वाढलेले राहू द्या. कोणी कारखान्यातून चुन्याचे मडके घेऊन आले. दोघे-तिघे गोठ्यात शिरले आणि दाव्यास हात घातला. स्वामी अडवीत नव्हते. न्यायाने पाहता त्यांजवळ अडवावयास शब्द नव्हता. तेव्हा कोंडाई गोठ्याचे दारात आडवी उभी राहिली, जैसी चांद्यापुढे राहिली होती तैसीच.

ती बोलिली, “नगा. म्हातारीनं त्यास्नी आवतण दिल्यालं हाय. आवतणाच्या बैलाला हात लावायचा न्हाई.”

आणि मडके आणणाराने मडके खाली ठेविले. कारभाऱ्याने पाण्याचा गडू आणिला की स्वामींनी हात धुवावे. स्वामींनी धुतले नाहीत. कोंडाईचे पुढे येऊन बोलिले, “पाप कोणाचे ते विचारिलेस. केसोचे आहे. परंतु त्याचे हाती चुना आम्ही दिला आणि पुन्हा त्या हाताकडे पाहिले नाही. म्हणून आधी आमचे.” आणि चांद्याची म्होरकी मागितली. तिने लगेच दिली नाही. त्यांचे तळव्याकडे पाहिले, आपल्या तळव्याकडे पाहिले, आणि मग दिली. ती हाती धरून स्वामी अनवाणी त्या गावापर्यंत चालत गेले, आणि वेशीचे तोरणाखालून ती रिकामी म्होरकी पहिली नेली, आणि तिच्यामागून साऱ्या गावांची रिकामी दावी गेली. मग माळावर जेथे बैल पुरिले होते तेथे ताटे ठेविली. त्यानंतर लेकरांनी घास खाल्ला.

केसो त्रिमळास चाकरीवरून दूर केले आणि त्याचे बैल काढून गावास दिले, त्यांतील एक कोंडाईचे वाट्यास आला, नाव भवऱ्या. केसोस दंड ऐसा केला की दर पोळ्यास त्याने, आणि त्याचे मागून त्या कारखान्याचा जो मुख्य होईल त्याने, रिकामी म्होरकी हाती घेऊन उघड्या डोक्याने सर्वांचे आधी तोरणाखालून जावे. एवढेच लिहून थांबता येत नाही. केसोसही त्या गावापर्यंत चालविले होते, तेथून परत येता वाटेवर कोणी त्याचे कपाळी चुन्याची फुली ओढिली. कोणी ओढिली ते कळले नाही, ज्यास कळले त्याने सांगितले नाही. ते होऊ नये होते. सेवकास त्याचे वाईट वाटले ऐसेही नाही. कारखान्यास बंधन घातले की जनावराचा धनी आणि गावचे चार लोक समोर असल्याविना फुली ओढू नये, आणि एकाची फुली दुसऱ्या परीक्षकाने पाहावी. ते कलम कोणीही लिहिले असो, माघात लिहिले नाही.

परंतु खरे नुकसान तेव्हा कोणास दिसले नाही. ते पुढे दोन वर्षांनी दिसले, जेव्हा बुळकांडी पुन्हा आली, आणि ती खरीच आली. परीक्षक हिंडू लागले, चांगली माणसे होती, हात जोडून सांगत होती, आणि लोक ऐकेनात. डोळे गळणारी ढोरे माजघरात बांधिली, परड्यात लपविली, रानात नेली. चुना दिसला की दारे लागत. एकदा ज्याने लबाडी केली त्याचे मागून येणाराचे खरेही कोणी मानीना, आणि त्यापायी जी ढोरे वाचावयाची ती मेली. केसोने मारिली त्याहून ती कितीतरी अधिक. स्वामींस अन्न गोड लागेना.

मग एके दिवशी सकाळी भवऱ्याचे डोळ्यास धार लागली. कोंडाईने तोंड उघडून पाहिले. आत चिघळले होते. शिदोजी बोलिला की आमचे माजघरात बांध, कोणास कळणार नाही. ती घरात गेली. चूल पेटविली, पुरण शिजविले, पोळी केली, आणि ऊन पाण्याने भवऱ्याचा खांदा शेकला. पोळा दूर होता. गाव जमा होऊन पाहत उभा राहिला. तिने पोळी दुधात कुसकरून पातळ केली आणि बैलाचे तोंडाशी धरिली. त्याचे तोंड दुखत होते, खाववेना. ती बसून राहिली. बऱ्याच वेळाने त्याने जीभ काढिली आणि थोडे चाटिले, मग आणखी चाटिले. तेव्हा तिने उठून परीक्षकास बोलाविले, त्याचे हातचा कुंचला आपण घेतला, आणि भवऱ्याचे कपाळी फुली आपले हाताने ओढिली. आणि शिदोजीकडे वळून बोलिली, “ह्यो जेवून चाललाय.”

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत गावाने लपविलेली ढोरे आपण होऊन बाहेर आणिली, प्रत्येकाने आधी घास दिला आणि मग दावे सोडिले. गावोगाव ही वार्ता गेली आणि तैसेच होऊ लागले, आणि रोग ओसरला. परीक्षक रडत फुल्या ओढीत होते ऐसे लोक सांगतात.

येणेप्रमाणे चुन्याच्या फुलीची हकीकत जाहली ती लिहिली. राज्यात आता दर पोळ्यास पहिली म्होरकी रिकामी जाते आणि तिच्यामागून भरली दावण जाते. नवे लोक पुसतात की रिकामी कोणाची, तर कोणी म्हणते चांद्याची, कोणी म्हणते भवऱ्याची. कोंडाई आहे. तिचे दावणीस आता एक खोंड आहे, त्याचे खांद्यास अजून जू लागले नाही. लेखनसीमा.